माऊस पदरी पडला आणि पवित्र झाला

कार्यालयात नवा डेस्कटॉप संगणक येतो तेव्हा खोक्यातून कीबोर्ड आणि माऊस बाहेर पडतात आणि टेबलावर आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात. त्याआधी खरेदीच्या फाइलवर बरीच भवती न भवती झालेली असते. पडदा किती इंचांचा असावा, मेमरी किती हवी, डिस्क कोणत्या जातीची, हमी किती वर्षांची, यावर शेरे मारले जातात. मात्र कर्मचाऱ्याचा उजवा हात दिवसाचा मोठा भाग ज्या वस्तूवर असणार, तिच्याबद्दल त्या फाइलमध्ये ‘कीबोर्ड व माऊससह’ एवढेच शब्द असतात. उंची कमीजास्त करता येणाऱ्या खुर्च्या मागवणारी कार्यालयेही माऊसच्या बाबतीत पदरी पडले आणि पवित्र झाले असे मानून चालतात. ही सवय मोडायला हवी. यूएसबी वायरने जोडायचा वेगळा टचपॅड हा माऊसचा साधा, जुना आणि विनाकारण दुर्लक्षित पर्याय आहे. सरकारी आणि खासगी कार्यालयांनी तो आपल्या खरेदीच्या यादीत ठेवावा आणि जो मागेल त्याला कारणांची चौकशी न करता द्यावा. माऊस हद्दपार करा, असे इथे सुचवायचे नाही. निवड कर्मचाऱ्याच्या हाती असावी, एवढीच मागणी आहे.

माऊसला हे अढळपद मिळाले कसे, ते आधी पाहू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६०च्या दशकात तो घडवला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले आणि १९७०मध्ये त्याचे पेटंट मिळाले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी पडद्यावरील मजकूर निवडण्याची चाचणी घेतली. १९७८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत माऊससमोर एक जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा होत्या. माऊस सर्वांत वेगवान ठरला. झेरॉक्स स्टार १९८१मध्ये आला, ॲपलचा मॅकिन्टॉश १९८४मध्ये आला आणि टेबलावरची जागा माऊसच्या नावे कायमची लागली. आज आपण वापरतो तसा टचपॅड या शर्यतीत उतरलाच नव्हता. जॉर्ज गेरफाइड यांनी अमेरिकेतील युटा राज्यात बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या पट्टीचे तंत्र विकसित केले ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस, आणि ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेतून ती पट्टी लॅपटॉपवर स्थिरावली १९९४मध्ये. मांडीवर माऊस फिरवायला जागा नसते म्हणून लॅपटॉपला टचपॅड मिळाला, आणि टेबलावर जागा होती म्हणून तिथे माऊस राहिला. ही वाटणी जागेच्या हिशेबाने झाली. कोणत्या हाताला काय सोसते, याचा विचार तीत कधी झालाच नाही.

टेबलावरच्या त्या जागेची गोष्टही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. आपल्या सेवा केंद्रांची खिडकी डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला अर्जांचा गठ्ठा, दुसरीकडे स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, शिक्के, पावत्या. उरलेल्या पट्टीत पूर्ण आकाराचा कीबोर्ड, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा. त्याच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळा आणि त्यांच्याही पलीकडे माऊस. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरणारी ऑपरेटर नाव टाइप करते, हात माऊसकडे नेते, जिल्ह्याची यादी उघडते, निवडते, हात परत आणते, पत्ता टाइप करते, पुन्हा तालुक्यासाठी हात लांब नेते. प्रत्येक फेरीत कोपर शरीरापासून दूर जातो आणि खांदा बाहेर वळतो. माऊस फिरवायला जागा उरली नाही की तो उचलून पुन्हा खाली ठेवायचा, किंवा कागदांच्या गठ्ठ्यावरच फिरवायचा. टचपॅडला अशी मोकळी जागा लागत नाही. वहीच्या पानापेक्षा लहान अशी ती पाटी स्पेस बारच्या खाली, कीबोर्डच्या डावीकडे किंवा उजवीकडे, जिथे जमेल तिथे ठेवता येते. ती हलत नाही, तिच्यावर फक्त बोट हलते. डावखुऱ्या माणसाने ती डावीकडे सरकवली की काम झाले. उजव्या हाताच्या तळव्यासाठी घडवलेल्या माऊसची त्याच्याशी कायम कुरबुर असते, ती इथे उद्भवत नाही.

आता आरोग्याचा मुद्दा. याबाबत बाजारातल्या जाहिराती वाटेल ते सांगतात, म्हणून जपून बोलले पाहिजे. कीर, बाख आणि रेम्पेल या संशोधकांनी १९९९मध्ये माऊस वापरताना मनगटातील कार्पल टनेल या अरुंद मार्गातला दाब प्रत्यक्ष मोजला. हात माऊसवर नुसता ठेवलेला असताना जेवढा दाब होता, त्याहून तो पडद्यावरची वस्तू पकडून ओढताना लक्षणीय वाढला. दुसरीकडे, डेन्मार्कमधील सुमारे सात हजार तांत्रिक साहाय्यकांचा मोठा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला २० तासांहून अधिक काळ माऊस वापरणाऱ्यांमध्ये उजव्या हाताला मुंग्या येण्याचा धोका वाढलेला दिसला, पण संगणकाचा वापर कार्पल टनेल विकाराचे गंभीर व्यावसायिक कारण ठरत नाही, असाच त्या संशोधकांचा निष्कर्ष होता. तेव्हा माऊसने हात जातो आणि टचपॅडने वाचतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. टचपॅडचेही स्वतःचे ओझे आहे. त्यात मनगट कमी हलते, पण तर्जनी आणि अंगठ्याचे काम वाढते, आणि तळवा अधांतरी धरून बसले तर हाताचा वरचा भाग अवघडतो. या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष माफक आहे आणि म्हणूनच भक्कम आहे. एकच हालचाल, एकाच हाताने, दिवसभर करत राहणे टाळावे. उजव्या हाताला माऊस आणि डाव्या हाताला टचपॅड अशी दोन्ही साधने एकाच संगणकाला एकाच वेळी जोडता येतात. सकाळी एक, दुपारी दुसरे असे आलटून पालटून वापरले तर ओझे वाटले जाते. ही सोय मिळवायला डॉक्टरची चिठ्ठी लागू नये.

या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगाचा आहे, आणि तो खरा आहे. माऊस-टचपॅडसारख्या कर्सर हलवणाऱ्या साधनांची गती मोजण्याची पद्धत पॉल फिट्स यांच्या १९५४च्या नियमावर उभी आहे. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त, असा तो नियम. या पद्धतीने केलेल्या वेगवेगळ्या अभ्यासांचा आढावा सुकोरेफ आणि मॅकेन्झी यांनी २००४मध्ये घेतला. वेग आणि अचूकता एकत्र मोजणाऱ्या या मापात माऊसची कामगिरी सेकंदाला ३.७ ते ४.९ बिट भरली आणि टचपॅडची ०.९९ ते २.९. म्हणजे टचपॅडचा उत्तम निकालही माऊसच्या साधारण निकालाखाली राहिला. नकाशे आखणारा, इमारतींचे आराखडे काढणारा, छायाचित्रांवर बारीक काम करणारा किंवा पानांची मांडणी करणारा माणूस माऊस सोडणार नाही, आणि त्याने तो सोडूही नये.

तरीही ही मोजणी काय मोजते आणि काय सोडून देते, ते नीट पाहायला हवे. हात आधीच साधनावर आहे आणि कर्सर एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर न्यायचा आहे, इतकेच ती पाहते. कार्यालयातले काम असे नसते. तिथे टायपिंग आणि क्लिक एकमेकांत गुंतलेले असतात. कार्ड, मोरन आणि नेवेल यांनी १९८०मध्ये संगणकावरील कामाचे तुकडे पाडून त्यांना वेळ लावला. खुणेवर कर्सर नेण्याला सरासरी १.१ सेकंद, आणि कीबोर्डवरून माऊसवर किंवा माऊसवरून कीबोर्डवर हात नेण्याला ०.४ सेकंद. जाऊन येऊन ०.८ सेकंद झाले, म्हणजे नेमके लक्ष्य गाठायला लागणाऱ्या वेळाच्या जवळपास तीन चतुर्थांश. हात नेण्या-आणण्यातच एवढा वेळ जातो आणि वेगाच्या चाचणीत तो मोजलाच जात नाही. स्पेस बारला लागून असलेल्या टचपॅडवर ही फेरी शून्य होणार नाही, पण अंगठा किंवा तर्जनी खाली घेतली की काम भागते आणि बाकीची बोटे कळांच्या आसपासच राहतात. शिवाय वेळेचा मोठा वाटा पान वरखाली करण्यात जातो. लांबरुंद एक्सेल तक्त्यात माऊसचे चाक उभे धावते, आडवे जायला मात्र सहसा खालची पट्टी पकडून ओढावी लागते. टचपॅडवर दोन बोटे कोणत्याही दिशेने सरकवली की तक्ता त्या दिशेने सरकतो. जिथे दिवसभर वाचणे, खाली जाणे, एखादी चौकट निवडणे आणि टाइप करणे एवढेच काम आहे, तिथे वेगाच्या आकड्यांतले अंतर रोजच्या व्यवहारात बरेच मिटते.

यावर कोणी विचारील की टचपॅड हवाच असेल तर तो बिनतारी घ्या, वायरचा हट्ट कशाला? वायरची खरी तक्रार माऊसच्या बाबतीत आहे. माऊस सतत फिरतो, त्याची वायर कपाला, फाइलला, टेबलाच्या कडेला अडते आणि हाताला मागे ओढते. टचपॅड जागचा हलत नाही, त्यामुळे वायर एकदा पडद्यामागून घातली की पुन्हा तिच्याकडे लक्ष जात नाही. ज्या गैरसोयीपायी लोक बिनतारी साधनांकडे वळले, ती इथे मुळातच नाही. उलट बिनतारी साधनांच्या अडचणी मात्र पुरेपूर आहेत. बॅटरी ऐन गर्दीत संपते. यूएसबीत खोवायचा नखाएवढा रिसीव्हर हरवला की साधन निकामी होते. यूएसबी ३.० जोडण्यांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि बिनतारी माऊस अडखळतो, हे इंटेलनेच २०१२मध्ये एका टिपणात दाखवले होते. फेब्रुवारी २०१६मध्ये बॅस्टिल या सुरक्षा संस्थेने ‘माऊसजॅक’ नावाने उघड केलेली त्रुटी तर अधिक गंभीर होती. सात नामांकित कंपन्यांच्या, ब्लूटूथ नसलेल्या बिनतारी माऊस-कीबोर्डांच्या रिसीव्हरमध्ये बाहेरच्या माणसाला दुरून खोट्या कळा दाबता येत होत्या. पुढे दुरुस्त्या आल्या, पण नागरिकांच्या आधार-पॅनची माहिती ज्या संगणकावर उघडी असते, तिथे हवेतून जाणारा आणखी एक दरवाजा कशाला ठेवायचा? वायरला हा प्रश्नच लागू होत नाही. घरीसुद्धा लॅपटॉप स्टँडवर उंच ठेवून काम करणाऱ्यांना त्याचा अंगचा टचपॅड हाताच्या उंचीवर राहत नाही. त्यांच्यासाठी बाहेरचा कीबोर्ड आणि त्याच्या जोडीला वायरचा टचपॅड ही मांडणी सर्वांत सरळ आहे.

टचपॅड सगळीकडे चालणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. बोट विजेचे वाहक असल्यामुळे पट्टीखालच्या तारांच्या जाळीत पडणारा फरक मोजून तो बोटाची जागा ओळखतो. त्यामुळे ओले बोट आणि हातमोजा हे त्याचे दोन शत्रू. बँकेच्या रोखपालाचे बोट नोटा मोजताना दर मिनिटाला ओल्या स्पंजवर जाते. त्याच्या खिडकीत टचपॅड बसवला तर कर्सर उड्या मारील. पावसाळ्यात कोकणातल्या दमट कार्यालयात घामट हातांची तीच तक्रार येईल. प्रयोगशाळेत हातमोजे घालून काम करणाऱ्यालाही तो उपयोगाचा नाही. अशा ठिकाणी माऊसच बरा. सरसकट आदेश काढून माऊस बदलणे म्हणजे आजचीच चूक उलट्या दिशेने करणे होईल. दहा जणांना एकाच मापाच्या चपला वाटण्याचा कारभार आपण आज करतो आहोत. माप बदलून पुन्हा तसाच कारभार करण्यात शहाणपण नाही.

पर्याय ठेवायचा म्हटले की खरेदीखात्याचा प्रश्न येतो तो किमतीचा. वायरचा माऊस काही शे रुपयांत मिळतो. वायरचा टचपॅड त्याहून कितीतरी महाग असतो आणि दुकानात सहसा ठेवलेला नसतो. ॲपलचा मॅजिक ट्रॅकपॅड वायरनेही चालतो, पण त्याची किंमत दहा हजारांच्या पुढे आहे आणि विंडोज संगणकावर तो जसाच्या तसा नीट चालत नाही. हा आक्षेप खरा असला तरी त्याचे मोठे कारण मागणीचा अभाव हेच आहे. लॉजिटेकने २०१२मध्ये डेस्कटॉपसाठी टी६५० हा टचपॅड काढला होता, पुढे तो बंद केला. आज हे क्षेत्र पेरिक्स, अडेसो अशा थोड्या कंपन्यांकडे उरले आहे. सरकारची ‘जेम’ बाजारपेठ २०१६पासून चालू आहे आणि तिथल्या घाऊक मागणीने किमती खाली येतात. शंभर संगणकांमागे दहा टचपॅड असा अंदाज धरला तरी खर्च त्या संगणकांच्या एकूण किमतीत दिसणारही नाही. प्रत्येक टेबलावर एक ठेवण्याची गरज नाही. भांडारात थोडे ठेवावेत, मागणाऱ्याला महिनाभर वापरायला द्यावेत आणि परत आले तर दुसऱ्याला द्यावेत. नव्याचे नऊ दिवस म्हणून मागणारे त्यातच गळतील, खरी गरज असलेले उरतील.

खरेदी करताना एक तपासणी मात्र चुकवू नये. वायरचे टचपॅड दोन प्रकारचे असतात. एक प्रकार संगणकाला स्वतःची ओळख माऊस म्हणून देतो. तो चालतो, पण दोन-तीन बोटांच्या खुणा त्याच्या आतच ठरवलेल्या असतात आणि बदलता येत नाहीत. दुसरा प्रकार प्रत्येक बोटाची जागा थेट विंडोजला कळवतो. याला प्रिसिजन टचपॅड म्हणतात आणि विंडोज ८.१पासून त्याची सोय आहे. ओळखायचे कसे? टचपॅड जोडून विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ आणि डिव्हायसेस या विभागात जावे. तिथे ‘टचपॅड’ असे वेगळे पान उघडले, संवेदनशीलता कमीजास्त करता आली आणि तीन-चार बोटांच्या खुणा निवडता आल्या, तर तो दुसऱ्या प्रकारचा. नुसते माऊसचे पान दिसले तर पहिल्या प्रकारचा. निविदेत ही एक ओळ घातली नाही तर स्वस्तातला पहिला प्रकार येईल, कर्मचारी आठवडाभरात तो खणात टाकतील आणि टचपॅड चालत नाही असा शेरा कायमचा फाइलवर जाईल.

शेवटचा आक्षेप कामाच्या शिस्तीचा. प्रत्येकाला आवडीचे साधन द्यायला लागलो तर कार्यालय कसे चालेल, असे वरिष्ठ म्हणतात. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम २०नुसार सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी देण्याचे बंधन आहेच. ज्याची पकड कमजोर आहे किंवा ज्याला माऊस पकडून ढकलता येत नाही, त्याच्यासाठी हलक्या स्पर्शाने चालणारा टचपॅड ही अशीच सोय ठरू शकते. कायद्याने काहींना द्यावी लागणारी वस्तू भांडारात ठेवायचीच आहे, तर प्रमाणपत्र नसलेल्या पण मनगट दुखणाऱ्या, डावखुऱ्या किंवा अरुंद टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला ती नाकारण्यात कोणती शिस्त आहे? दुखणे प्रमाणपत्राच्या पातळीला पोहोचेपर्यंत थांबायला लावणे हा तर दोघांचाही तोटा आहे, कर्मचाऱ्याचा आणि कार्यालयाचाही.

म्हणून खरेदी अधिकाऱ्यांना विनंती एवढीच. पुढच्या निविदेत ‘कीबोर्ड व माऊससह’ या शब्दांपुढे ‘मागणीनुसार वायरचा प्रिसिजन टचपॅड’ एवढी भर घालावी. आणि जे टेबलाशी बसून टाइप करतात त्यांनीही हात दुखतो म्हणून मलम शोधण्याआधी, हातात दिलेले साधन आपल्यासाठी योग्य आहे का, हा प्रश्न आपल्या कार्यालयाला लेखी विचारावा. मागणीच नोंदली गेली नाही, तर पर्याय नाही हे उत्तर कायम तयार राहील.